छंद कुणाला परवडतो?

लग्नाच्या बायोडाट्यात ‘छंद’ असा एक रकाना असतो. वस्तीत काम करताना गेल्या काही वर्षांत मी असे बरेच बायोडाटे टाइप करून दिले आहेत. या रकान्यापाशी आलं की मुलगी आईकडे बघते, आई माझ्याकडे बघते आणि शेवटी ‘वाचन, स्वयंपाक’ असं लिहून आम्ही पुढे सरकतो. मुलगा असेल तर ‘क्रिकेट, सामाजिक कार्य’. खोटं कुणी बोलत नसतं, पण हा रकाना आपल्यासाठी केलेला नाही हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत असतं. छंद म्हणजे पोट भरल्यावर, घर झाल्यावर, नोकरी पक्की झाल्यावर करायची गोष्ट, अशी आपली समजूत आहे. आणि या तिन्ही गोष्टी पक्क्या कधी होणार, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नाही. म्हणजे छंद कधीच नाही.

या समजुतीशी माझं भांडण आहे.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे मी हे कुठे उभी राहून लिहिते आहे ते कळेल. वय ३४. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि तेव्हापासून पुण्यात समाजकार्यकर्ती म्हणून काम करते आहे. काम कायमचं, नोकरी मात्र ११ महिन्यांची. प्रकल्प ३१ मार्चला संपतो आणि पुढच्या वर्षीचं पत्र कधी एप्रिलमध्ये येतं, कधी मे उजाडतो. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी वर्ग करणं बंद झालं. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन वस्तीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या लहान संस्थांचं त्यात कंबरडं मोडलं. मी त्या लहानांपैकीच एकीत आहे. माझ्याबरोबर एम.ए. झालेली मैत्रीण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिला दिवाळीच्या सुट्टीचे पैसे मिळत नाहीत, उन्हाळ्याचे तर नाहीतच. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या, ‘पुढे गेलेल्या’ पोरींची ही गत आहे. न शिकलेल्यांचं सांगायलाच नको.

आणि अशा परिस्थितीत मी दोन गोष्टी करते आहे, ज्यांना काही अर्थ नाही असं मला अनेकांनी सांगितलं आहे. एक, मागच्या वर्षीपासून महापालिकेच्या तरण तलावावर पोहायला जाते. दोन, दर रविवारी विहारात पाली शिकते, आणि थेरीगाथा मुळातून वाचायच्या असं ठरवलं आहे. थेरीगाथेत ७३ थेरींच्या पाचशेहून जास्त गाथा आहेत. महिन्याला चार-पाच गाथा नीट समजून घ्यायच्या म्हटलं तर नऊ-दहा वर्षं लागतील. माझ्या हातात ११ महिन्यांचं पत्र आहे आणि बेत दहा वर्षांचा आहे.

पालीवर कुणी फारसं बोलत नाही, कारण ती धम्माची भाषा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर तिलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामुळे तर आणखीच मान. टीका होते ती पोहण्यावर. चळवळीतले एक ज्येष्ठ मला म्हणाले, “ताई, एवढा वेळ मोकळा आहे तर अभ्यासिकेत आणखी एक तास द्या की.” (अभ्यासिका मीच चालवते, पण ते असो.) आई वेगळं म्हणाली. ती म्हणाली, “पाण्यात जाऊन काय करायचं? नळाला पाणी आलं तरी लई झालं.”

ज्येष्ठांच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. आईच्या वाक्यावर मात्र मला बराच विचार करावा लागला.

आई मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी वाड्यातल्या बायका विहिरीच्या काठापासून लांब, घागरी घेऊन थांबायच्या. कुणी वरच्या आळीतलं आलं, दया आली, तर वरून ओतायचं. तासन्‌तास उभं राहून एक घागर. ज्या बाईचं लहानपण पाण्यासाठी थांबण्यात गेलं, तिला पाण्यात उतरून खेळायचं कसं सुचेल? पोहणं हा शब्द तिच्या आयुष्यात बुडण्याच्या बातमीपुरताच आला होता.

मराठीत विहिरीवर पोहायला शिकल्याच्या आठवणी ढिगाने लिहिल्या गेल्या आहेत. पाठीला डबा बांधलेला, काकांनी वरून ढकललेलं, नाकातोंडात पाणी, मग एका उन्हाळ्यात अचानक जमलं, घरी येऊन आंब्याच्या रसावर ताव. वाचायला गोड असतात. पण त्यांतली विहीर नेहमी ‘आमची’ असते. विहीर आमची म्हणजे जमीन आमची, जमीन आमची म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी आमची. आपल्याकडे विहीर कुणाची, हा प्रश्न रसाच्या आधी येतो. आणि हा जुना इतिहास आहे असं कुणाला वाटत असेल तर जून २०१८ मधली जळगाव जिल्ह्यातल्या वाकडीची घटना आठवावी. मातंग समाजातली अल्पवयीन मुलं दुसऱ्याच्या विहिरीत पोहली म्हणून त्यांना नग्न करून मारलं आणि त्याचा व्हिडिओ काढून फिरवला. त्या मुलांनी पाणी चोरलं नव्हतं, शेत तुडवलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यांना पोहावंसं वाटलं होतं. राग नेमका त्याचा आला, हे नीट लक्षात घ्या. राबताना दिसलेला माणूस या व्यवस्थेला चालतो. मजेत दिसलेला चालत नाही.

महाडचा सत्याग्रह आपण दर २० मार्चला साजरा करतो. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला होता, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर आलंही होतं, तरी १९२७ मध्ये ओंजळभर पाण्यासाठी हजारो माणसांना चालत जावं लागलं. नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं, खटला झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं. बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं की त्या तळ्याच्या पाण्यावाचून आपण मरत नव्हतो. इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी तिथे जायचं होतं. गरज हा मुद्दाच नव्हता. मग आज मी चळवळीतल्या माणसांकडूनच ‘गरज काय’ हे का ऐकून घ्यावं?

अर्थात मी तलावावर सत्याग्रह करायला जात नाही. तसं लिहिलं तर ते खोटं होईल. मी जाते कारण मला आवडतं. पहिले १५ दिवस मी काठाची दांडी धरून नुसते पाय मारत होते आणि पाण्यात तोंड घालून हवा सोडायला शिकत होते. आमच्या बॅचला ४५ मिनिटं मिळतात. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी पाठीवर तरंगले. कान पाण्याखाली होते, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. कुणाचा फोन नाही, कुणाचा दाखला अडकलेला नाही, कुणाचा नवरा पिऊन आलेला नाही. कोच मॅडमनी दोनदा हाक मारली ती मला कळलीच नाही. तलावावर एका बाईंनी ओळख करून घेताना पहिल्यांदा नाव विचारलं आणि लगेच आडनाव. ते सांगितल्यावर पुढे बोलणं झालं नाही. तेही पाण्याबाहेरच राहिलं.

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे येते. चळवळीला याचा उपयोग काय?

या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे. आपल्या माणसाचा प्रत्येक तास कशाच्या तरी उपयोगाचा असला पाहिजे, हे ते गृहीतक. हे आपलं नाही. ते ज्यांनी आपल्याला हजारो वर्षं राबवलं त्यांचं आहे. जातिव्यवस्थेने आपल्याकडून विद्या घेतली, शस्त्र घेतलं, संपत्ती घेतली, हे आपण भाषणांत सांगतो. तिने फुरसतही घेतली, हे सांगत नाही. मेलेलं ढोर ओढायला, सांगावा घेऊन धावायला, वेठीला महारकीचा माणूस कधीही बोलावता येत असे. त्याच्या दिवसाला स्वतःचा असा तुकडाच नव्हता. वेळ ही वतनातली सगळ्यात मोठी लूट होती असं माझं मत आहे.

बाबासाहेबांनी यावर लिहिलेलं आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा पंचनामा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. त्यात यंत्राला असलेल्या गांधींच्या विरोधाची त्यांनी चिरफाड केली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जनावर पोटापुरतं जगतं; माणूस त्याहून वेगळा ठरतो तो संस्कृतीमुळे; संस्कृतीला फुरसत लागते; आणि सगळ्यांना फुरसत द्यायची तर कष्टांचा भार यंत्राने उचलला पाहिजे. चरख्याकडे परत जा म्हणणं म्हणजे बहुजनांना पुन्हा राबण्याकडे ढकलणं. मी हे एम.ए.ला असताना वाचलं तेव्हा यंत्राचा मुद्दा लक्षात राहिला, फुरसतीचा निसटला. परीक्षेत यंत्रावर प्रश्न येतो, म्हणून असेल.

आणि हा नुसता लेखनातला विचार नव्हता. ते १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, तिची मांडणी त्यांच्या खात्याची. आठवड्याचे सहा तास. कामगाराने त्या सहा तासांत युनियनची बैठकच घ्यावी, अशी अट त्यात नव्हती. तो झोपेल, पोरांना खेळवेल, पेटी वाजवेल. आज उलट दिशेने वारं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मान्यता दिली. यावर आपल्या किती मंडळांनी निषेधाचं पत्रक काढलं? फुरसत हा हक्क आहे असं आपल्यालाच वाटत नसेल, तर ती काढून घेतली तरी आपल्याला कळणार नाही.

दर एप्रिलला कॉलेजांत आणि वसतिगृहांत ‘सलग १८ तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. चांगला आहे, मीही बसलेली आहे. डोळे लाल होतात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. पण बाबासाहेबांच्या व्हायोलिनच्या नावाने कुठे काही होतं का? प्रौढ वयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात आणि आजारपणात, हा माणूस व्हायोलिन शिकत होता. चित्रं काढत होता. त्यांना कुत्र्यांचा लळा होता, उंची पेनांचा शौक होता. ते व्हायोलिन आजही पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिम्बायोसिसच्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेलं आहे. मी वस्तीतली मुलं घेऊन तिथे जाते तेव्हा मुलं त्यापाशी थांबतात आणि हमखास विचारतात, “बाबासाहेब हे वाजवायचे? खरंच?” त्यांना घटना माहीत असते, १८ तास माहीत असतात. वाजवणारे बाबासाहेब त्यांना कुणी सांगितलेलेच नसतात.

विनयात सोण कोळिविसाची गोष्ट येते. श्रीमंताघरचा पोरगा, वीणा छान वाजवायचा, भिक्खू झाला आणि साधनेच्या नादात चालून चालून त्याच्या तळपायांतून रक्त येऊ लागलं. तरी काही हाती लागेना, म्हणून घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. तथागतांनी त्याला विचारलं की वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? आणि फार ढिल्या सोडल्या तर? उत्तर त्याच्याकडेच होतं, कारण तो वाजवणारा होता. आमच्या अभ्यासिकेत मला ही गोष्ट वारंवार सांगावी लागते.

त्या अभ्यासिकेबद्दल लिहायलाच हवं, कारण अनिश्चिततेचं खरं रूप मी तिथे रोज बघते. २३ पासून ३१ वर्षांपर्यंतची पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेला बसलेली. जाहिरात कधी निघेल माहीत नाही, निघाली तर परीक्षा पुढे ढकलली जाईल, झाली तर निकाल कोर्टात अडकेल. तोवर काय? तोवर सगळं बंद. लग्न बंद, क्रिकेट बंद, गावची जत्रा बंद. एक मुलगा बॉलपेनने फार सुंदर चित्रं काढायचा. वहीच्या मागच्या पानांवर माणसांचे चेहरे, बसस्टॉपवरचे, पाण्याच्या टँकरपाशी रांगेत उभे असलेले. दोन वर्षांपूर्वी त्याने ते सोडलं. म्हणाला, “ताई, पोस्ट निघाली की मग बघू.” आज तो २९ वर्षांचा आहे. चित्रं सोडल्यामुळे त्याचे गुण वाढले असते तर मी गप्प बसले असते. वाढलेले नाहीत. चित्र काढण्याचा तास आता मोबाइलवर जातो, कारण थकलेल्या डोक्याला कुठेतरी जावंच लागतं.

इथे मोटिव्हेशनल स्पीकर लोकांसारखं ‘पॅशन फॉलो करा’ असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. ते मी करणार नाही, कारण ते समाजशास्त्राच्या दृष्टीने अडाणीपणाचं आहे. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाअखेरीस अल्जीरियातल्या कामगारांचा अभ्यास केला. त्याला दिसलं ते असं : ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही, तो भविष्याचा बेत आखू शकत नाही. त्याच्या बोलण्यात एक तर काहीच नसतं किंवा एकदम आकाशाएवढं स्वप्न असतं, मधल्या पायऱ्या नसतात. पायऱ्या दिसायला आजच्या दिवसाचा थोडा तरी भक्कम तुकडा पायाखाली लागतो. म्हणजे ‘या लोकांना दूरदृष्टीच नाही’ असं जे आपल्याबद्दल म्हटलं जातं, तो स्वभाव नसून रोजंदारीचा परिणाम आहे. माझ्या वस्तीत हे शब्दशः खरं आहे. नाक्यावर उभा राहणारा माणूस पुढच्या महिन्याबद्दल बोलत नाही, पण पोरगा कलेक्टर होणार असं सांगतो.

तेव्हा अनिश्चितता ही आभाळातून पडलेली नाही. ती कंत्राटी भरतीतून येते, रिकाम्या राहिलेल्या राखीव जागांतून येते, वर्ष उलटल्यावर जमा होणाऱ्या शिष्यवृत्तीतून येते. तिच्याविरुद्ध लढायचंच आहे. पोहायला गेल्याने माझं कंत्राट कायम होणार नाही.

पण म्हणून खात्री मिळेपर्यंत थांबायचं? या ठिकाणी मला बाबासाहेबांचं १९१७ साल आठवतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट महायुद्धात बुडवली गेली. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला घर मिळेना. तिथूनही निघावं लागलं. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती : अभ्यास पुरा करण्यासाठी चार वर्षांच्या आत परत येण्याची विद्यापीठाची परवानगी. पैसे नाहीत, बाहेर युद्ध, घरात माणसं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, काही मदत मिळवली, काही उसने घेतले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाले. येवल्याची घोषणा १९३५ ची, नागपूरची दीक्षा १९५६ ची. मध्ये २१ वर्षं. त्यांनी तयार केलेला पालीचा शब्दकोश आणि व्याकरण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेचा १६ वा खंड म्हणून ते १९९८ मध्ये आलं. शाळेत ज्याला संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यायला लावली, त्या माणसाने शब्दामागून शब्द असा कोश रचला, तो कुणाच्या खात्रीवर?

हे मी ‘त्यांनी केलं, तुम्हाला का जमत नाही’ अशा सुरात सांगत नाही. तो सूर मला आवडत नाही, आणि त्यात एक मोठी गोष्ट झाकली जाते. बाबासाहेब लंडनला होते तेव्हा मुंबईत संसार ओढत होत्या त्या रमाई. त्या काळाचा हिशेब मांडायचा तर अभ्यासाच्या तासांसमोर रमाईंचे तासही मांडावे लागतात. आपण रमाईंच्या त्यागाची गाणी गातो, पण त्यांना कशाची आवड होती हे कुणी विचारत नाही. आज आपल्या घरांतही हेच चालू आहे. भाऊ अभ्यासिकेत बसतो ते बहीण पाणी भरते म्हणून. नवरा चळवळीत फिरतो ते बायको दोन घरची धुणीभांडी करते म्हणून. कुणाच्याही दहा वर्षांच्या बेताखाली दुसऱ्या कुणाचे तरी दिवस गाडलेले असतात. माझ्याही आहेत. मी सकाळी तलावावर जाते तेव्हा भाकऱ्या आई थापते. यावर आमच्यात आता असं ठरलं आहे की रविवारी चूल माझी. पालीच्या वर्गाच्या आधी उठून मी सगळं करते आणि आई दुपारपर्यंत काही करत नाही. पहिल्या रविवारी तिला ते जमेना, ती भांडी घासायला बसली. आता ती शेजारच्या मावशीकडे जाऊन कवड्या खेळते. जिंकली की सांगते, हरली की नाही.

पालीबद्दल एवढंच की मी सुरुवात पहिल्या थेरीपासून केली नाही. पुण्णेपासून केली. ती अनाथपिंडिकाच्या घरातल्या दासीची मुलगी, पाणी भरणारी. कडाक्याच्या थंडीतही तिला नदीत उतरावं लागे, मालकिणीच्या माराच्या भीतीने. तिथे एक ब्राह्मण पापं धुवायला कुडकुडत स्नान करताना तिला दिसतो. ती त्याला विचारते की तुला कुणाची भीती आहे? आणि मग तिचा युक्तिवाद असा की पाण्याने पाप धुतलं जात असेल तर बेडूक, कासवं आणि मगरी सगळ्यांच्या आधी स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईलच की. अडीच हजार वर्षांपूर्वीची पाणक्या बाई. मराठी अनुवादात हे मी आधी वाचलं होतं. पण तिने स्वतःसाठी वापरलेला ‘उदहारी’ हा शब्द मूळ ओळीत स्वतःच्या बोटाने शोधला आणि त्याची विभक्ती ओळखता आली, तेव्हा झालेला आनंद वेगळा होता. त्याचा चळवळीला उपयोग काय, हे मला अजून सांगता येत नाही आणि सांगायची घाईही नाही.

पुण्णेची गोष्ट मी वस्तीतल्या मुलींना सांगितली. मगरीला त्या पोट धरून हसल्या. मग एकीने विचारलं, “ताई, मग तुम्ही पोहता तसं आम्हाला पण न्याल का?”

तेव्हापासून हे नवं काम अंगावर आहे. मे महिन्यात पाच मुलींना तलावावर न्यायचं आहे. प्रकल्पाच्या पैशातून ते होणार नाही, कारण प्रकल्पाच्या तक्त्यात ‘फलनिष्पत्ती’ लिहावी लागते आणि ‘मुली पाठीवर तरंगल्या’ ही फलनिष्पत्ती कुणी धरत नाही. पास, पोहण्याचे कपडे, टोप्या, रिक्षाभाडं धरून खर्च फार नाही, पण आहे. मी जयंती मंडळाकडे मागणी केली आहे की यंदाच्या वर्गणीतून साउंडचा एक बॉक्स कमी करा आणि ते पैसे द्या. अध्यक्ष हसले, खजिनदाराने मात्र वहीत लिहून घेतलं. पैशांपेक्षा घरांतलं अवघड आहे. दोन आया लगेच हो म्हणाल्या. एकीचं म्हणणं की उन्हाने पोर काळी पडेल आणि लग्नाला अडचण येईल. तिला सांगितलं की बॅच सकाळी सातची आहे. एकीच्या वडिलांना कपड्यांवर आक्षेप आहे, त्यांना मी एकदा तलावावर नेऊन बायकांच्या बॅचची वेळ आणि फाटकावरची महिला रखवालदार दाखवणार आहे. पाचवीच्या आजीने विचारलं की तिथलं पाणी नंतर कुणी बाटवलं म्हणून भांडण तर नाही ना काढणार. मी म्हटलं, आजी, तसं काही नसतं आता. आजी म्हणाली, विचारून ये.